टिकालला जायचंय? आम्हाला सगळे विचारतात ते प्रश्न आणि आमची उत्तरं

ग्वाटेमालाच्या जंगलातलं टिकाल, म्हणजे माया लोकांचं जुनं पडकं शहर, बघून परत येऊन बरेच महिने झाले तरी शाळेच्या ग्रुपवर, ऑफिसात, लग्नाच्या पंगतीत, एकदा तर दाताच्या डॉक्टरकडे आ करून पडलेलो असतानासुद्धा तेच तेच प्रश्न येतात, म्हणून आता एकदाच सगळं लिहून ठेवतोय आणि पुढच्याला सरळ हेच पाठवणार आहे. आम्ही पाच जण होतो, कॉलेजपासूनचे. दोघं पुण्याचे, तिघं अमेरिकेत. वय चाळिशीच्या आसपास, गुडघे ज्याचे त्याचे.

टिकाल म्हणजे मेक्सिकोत ना?

नाही. ग्वाटेमालात, देशाच्या अगदी उत्तरेला पेतेन नावाचा जंगली भाग आहे तिथे. माया लोकांची शहरं मेक्सिकोचा दक्षिण भाग, ग्वाटेमाला, बेलीझ, होंडुरास आणि एल साल्वाडोर एवढ्या पट्ट्यात पसरलेली आहेत, त्यामुळे हा गोंधळ सगळ्यांचाच होतो. माझ्या आईला अजून मी पेरू देशात जाऊन आलो असंच वाटतं.

मग मेक्सिकोतलं फेमस माया शहर चिचेन इत्झा सोडून तिकडे कशाला गेलात?

ह्यावरून आमच्यात तीन आठवडे भांडण झालं. सुन्याला मेक्सिकोतल्या कॅनकुनचा बीच पाहिजे होता, एक दिवस बसने चिचेन इत्झा, बाकी दिवस पाण्यात. त्यात चुकीचं काही नाही, पण चिचेन इत्झाला लॉन मारल्यासारखी मोकळी जागा आहे, दोरी लावलेली आहे, लांबून बघायचं आणि सगळीकडे विक्रेते. टिकालला जंगल आहे. म्हणजे खरंच जंगल, साधारण 575 चौरस किलोमीटरचं नॅशनल पार्क, आणि त्याच्या पोटात शहर. 1979 मध्ये युनेस्कोने त्याला जागतिक वारसा म्हटलं तेही दोन्हीसाठी, निसर्ग पण आणि वास्तू पण, असं फार कमी ठिकाणांना मिळतं. एका देवळापासून दुसऱ्या देवळापर्यंत पंधरा-वीस मिनिटं झाडीतून चालायचं, डोक्यावर माकडं, आणि मग अचानक झाडं बाजूला होतात आणि समोर 47 मीटरचा दगड उभा. सुन्या पहिल्या दिवशी दुपारपर्यंत बीचचं नाव काढत होता, नंतर नाही काढलं.

पोचायचं कसं? व्हिसाचं काय?

ग्वाटेमाला सिटीला उतरायचं, तिथून साधारण तासाभराचं छोटं विमान सांता एलेना गावाला जातं, फ्लोरेस हे मुक्कामाचं गाव त्याच्या शेजारीच. रात्रीची बस पण आहे, आठ-दहा तास, आमच्यातले दोघं पैसे वाचवायला बसने आले आणि दुसरा पूर्ण दिवस झोपले, म्हणजे वाचलं काय ते तुम्हीच ठरवा. बेलीझकडून येत असाल तर सान इग्नासिओवरून बॉर्डर ओलांडून गाडीने येता येतं, ते सोपं आहे. फ्लोरेसहून टिकाल साधारण 65 किलोमीटर, शटल व्हॅनने दीड तास.

व्हिसाचे नियम बदलत राहतात, तिकीट काढण्याआधी ग्वाटेमालाच्या वकिलातीच्या साईटवर स्वतः बघा, दिल्लीत त्यांची वकिलात आहे. आणि एक गोष्ट लोक विसरतात, भारतीय पासपोर्टवर अमेरिकेतून नुसतं विमान बदलायचं असलं तरी अमेरिकेचा व्हिसा लागतो. पुण्याच्या दोघांकडे तो आधीपासून होता म्हणून जमलं.

कधी जायचं?

नोव्हेंबर ते एप्रिल कोरडा सीझन. त्यातही मार्च-एप्रिलला चंद्रपूर आठवेल असं ऊन आणि वर दमटपणा. मे ते ऑक्टोबर पाऊस. आम्ही जानेवारीत गेलो, दिवसा छान, पहाटे चक्क स्वेटर.

पार्कात राहायचं की फ्लोरेसला?

एक रात्र तरी पार्कात. ह्यावर मी कुणाशी वाद घालणार नाही. आत तीनच हॉटेलं आहेत, महाग आहेत, आमच्या हॉटेलात वीज जनरेटरवर होती आणि रात्री ठरलेल्या वेळेला बंद व्हायची, वायफायबद्दल न बोललेलं बरं. पण संध्याकाळी चारनंतर दिवसभराच्या व्हॅन परत गेल्या की मोठ्या चौकात तुम्ही आणि दहा-बारा माणसं उरता, पायऱ्यांवर नुसतं बसायचं.

फ्लोरेस पण सोडू नका. पेतेन इत्झा तळ्यातलं बेट आहे, पायी वीस मिनिटांत फेरी होते, रंगीत घरं, संध्याकाळी काठावर खाण्याच्या गाड्या. आणि ह्याच बेटावर नोहपेतेन होतं, इत्झा माया लोकांची राजधानी, स्पॅनिश लोकांनी ती जिंकली 1697 साली. साल परत वाचा. आपल्याकडे तेव्हा राजाराम महाराज जिंजीच्या वेढ्यात होते. आपण माया म्हटलं की हजारो वर्षांपूर्वीचं काहीतरी समजतो आणि शेवटचं स्वतंत्र माया राज्य त्या काळापर्यंत टिकून होतं.

सूर्योदयाची टूर घ्यावी का?

पार्क सकाळी 6 ते संध्याकाळी 6. त्याआधी आत जायचं तर वेगळं तिकीट आणि गाईड सक्तीचा. आम्ही पहाटे चारला टॉर्च घेऊन निघालो, अंधारात मुळांना ठेचकाळत चौथ्या देवळाच्या (तिथे देवळं नंबरने ओळखतात) लाकडी जिन्याने वर गेलो, आणि सूर्योदय दिसलाच नाही. धुकं. पूर्ण पांढरं. जानेवारीत हे बऱ्याचदा होतं, गाईडने आदल्या दिवशीच सांगितलं होतं पण आम्हाला वाटलं आपलं नशीब वेगळं असेल.

पण पैसे वाया गेले का तर नाही. वर तीस-चाळीस माणसं होती आणि कुणी बोलत नव्हतं. हळूहळू खालून आवाज सुरू झाले, आधी एक पक्षी, मग दुसऱ्या बाजूने मोठ्या चोचीचा टूकन, मग माकडं, आणि तासाभराने धुकं जरा फाटलं तर झाडांच्या समुद्रातून बाकीच्या देवळांचे फक्त माथे वर आलेले. मध्याने फोन काढला आणि परत खिशात ठेवला, मध्यासारख्या माणसाने, जो वडापावचेही सहा फोटो काढतो. (1977 च्या पहिल्या स्टार वॉर्समध्ये जंगलातला बंडखोरांचा तळ म्हणून दिसतं ते दृश्य इथूनच घेतलेलं आहे, हे सुन्या अर्ध्या अर्ध्या तासाने सांगत होता.)

रात्री जंगलात काहीतरी डरकाळ्या फोडतं म्हणतात, ते काय?

हाउलर माकड. कुत्र्याएवढं जनावर, पण आवाज तीन-चार किलोमीटर जातो आणि ऐकताना वाटतं की कुणीतरी दगडी गुहेत मोठा घसा खाकरतंय. पहिल्या रात्री पक्याला जग्वार वाटला, तो उठून खिडकीला खुर्ची लावून बसला. खिडकीला. जाळी होती फक्त.

देवळांवर चढता येतं का?

काहींवर. चौथ्या आणि दुसऱ्या देवळाला बाजूने लाकडी जिने केलेत, तिथून जायचं. पहिलं देऊळ, म्हणजे पोस्टकार्डावर असतं ते मोठ्या जग्वारचं देऊळ, त्यावर चढायला पूर्ण बंदी आहे, पायऱ्या इतक्या उभ्या आणि अरुंद आहेत की पूर्वी माणसं पडून मेली आहेत. चौथं देऊळ साधारण 65 मीटर, जिन्यावर दम लागतो पण रेलिंग आहे. सिंहगड एकदा तरी न थांबता चढला असाल तर काही वाटणार नाही.

देवळं म्हणायची की पिरॅमिड? आत काय आहे?

दोन्ही म्हणतात. खाली पायरीपायरीचा पिरॅमिड, वर छोट्या अंधाऱ्या खोल्यांचं देऊळ, आणि त्यावर उंच दगडी तुरा. आपल्या शिखरासारखं दिसतं लांबून, पण आत गाभारा म्हणावा एवढी जागाच नसते.

पहिल्या देवळाखाली थडगं सापडलं, हासाव चान काविल राजाचं. हा माणूस 682 मध्ये गादीवर आला तेव्हा टिकालची हालत वाईट होती, शंभरेक वर्षं मार खाऊन झालेला, शेजारचं कालाकमुल (आता मेक्सिकोत) भारी पडत होतं. 695 मध्ये ह्याने कालाकमुलला हरवलं आणि टिकाल परत उभं राहिलं. थडग्यात जेडचे दागिने होते आणि कोरलेली हाडं, त्यातल्या एका हाडावर देव होडी वल्हवत मक्याच्या देवाला नेताहेत असं चित्र आहे. समोरचं दुसरं देऊळ त्याच्या राणीचं मानतात, तिथल्या लाकडी पाटीवर बाईची आकृती कोरलेली होती. दोन्ही देवळं चौकाच्या दोन टोकांना एकमेकांकडे तोंड करून. चौथं देऊळ त्यांच्या मुलाने, यिकिन चान काविलने बांधलं, साधारण 741 मध्ये.

आणि हे सगळं लोखंडाच्या छिन्नीशिवाय, बैलाशिवाय, गाडीशिवाय. गारगोटी आणि ज्वालामुखीच्या काचेची हत्यारं, आणि माणसांच्या पाठी. आम्ही पाच जण एक सूटकेस जिन्यावर नेताना भांडतो.

चौकातल्या त्या उभ्या दगडी पाट्या कसल्या?

राजांच्या. वीरगळ बघितलेत ना गावाबाहेर, तसे उभे दगड, पण वीराच्या मरणाचे नाहीत, राजाच्या कारभाराचे, आणि त्यावर तारखा इतक्या नेमक्या की आज दिवसासकट सांगता येतं. दर वीस वर्षांचं चक्र संपलं की मोठा सोहळा, त्यासाठी टिकालने समोरासमोर जुळे पिरॅमिड बांधायची स्वतःची पद्धत काढली. टिकालमधल्या शेवटच्या तारखेच्या दगडावर 869 साल आहे. त्यानंतर पाट्या बंद.

जंगलात कशाला बांधलं एवढं शहर?

उलटं आहे. शहर होतं तेव्हा जंगल नव्हतं, म्हणजे एवढं नव्हतंच. शेतं, बागा, घरं, रस्ते, चुन्याच्या भट्ट्या, चुन्याने गिलावा केलेले पांढरे चौक आणि लाल रंगवलेली देवळं असं ते दिसायचं. जंगल नंतर आलं, हजार वर्षांत.

मला जास्त नवल पाण्याचं वाटलं. टिकालला नदी नाही. तळं नाही. खालचा दगड चुनखडीचा, पाणी सरळ जिरून जातं, आणि वर्षातले चार-पाच महिने धड पाऊस नाही. मग त्यांनी काय केलं तर चौकच उताराचे बांधले, पडलेला पाऊस गिलाव्यावरून वाहत मोठमोठ्या तलावांत जायचा. आपल्या गडांवरची टाकी ज्यांनी बघितली आहेत त्यांना हे लगेच समजेल, शिवनेरीवर उन्हाळ्यात टाक्याला पाणी बघून जसं बरं वाटतं तसंच. आणि त्यातल्या एका तलावात पाणी गाळायला झिओलाइट खनिज आणि गारेची वाळू बाहेरून आणून वापरली होती असं 2020 मध्ये शास्त्रज्ञांनी दाखवलं. झिओलाइट म्हणजे आजही पाण्याच्या फिल्टरमध्ये वापरतात तेच. पण दुसऱ्या काही तलावांत, राजवाड्याजवळच्या, पारा आणि विषारी शेवाळ सापडलं. पारा कुठून, तर लाल रंगातून. देवळं रंगवायचा तो लाल रंग पावसाने धुवून प्यायच्या पाण्यात.

मग माया लोक अचानक गायब कसे झाले?

झाले नाहीत! हा प्रश्न विचारला की आमच्या गाईडचा चेहरा बघण्यासारखा व्हायचा कारण तो स्वतः केक्ची माया होता. घरी केक्ची बोलायचा, आमच्याशी इंग्लिश, ड्रायव्हरशी स्पॅनिश. ग्वाटेमालाच्या लोकसंख्येत चाळीस टक्क्यांहून जास्त माया आहेत आणि देशात वीसच्या वर माया भाषा चालू आहेत, बाजारात ऐकू येतात.

रिकामी झाली ती शहरं, तीही ह्या दक्षिणेच्या सखल भागातली, आणि एका रात्रीत नाही, नवव्या शतकात हळूहळू. लांबलेले दुष्काळ, एकमेकांशी कायमच्या लढाया, जमिनीवरचा ताण, राजांवरचा उडालेला विश्वास, असं सगळं एकत्र. राजा म्हणतो मी पाऊस आणतो आणि पाऊस येत नाही, तर लोक किती वर्षं थांबणार. उत्तरेत चिचेन इत्झासारखी शहरं त्याच सुमाराला वर येत होती.

एलियननी बांधलं का? आणि 2012 ला जग बुडणार होतं ते?

एलियन नाही. 2012 बद्दल म्हणाल तर 21 डिसेंबर 2012 ला त्यांच्या मोठ्या कालगणनेतलं तेरावं बक्तून संपलं, म्हणजे साधारण 394 वर्षांचा एक तुकडा. गाडीचा मीटर फिरून शून्य आला तर गाडी जळत नाही. शून्य मात्र त्यांच्याकडे होता, स्वतः शोधलेला, शिंपल्यासारख्या चिन्हाने लिहायचे, एक म्हणजे ठिपका, पाच म्हणजे आडवी रेघ, आणि मोजणी विसाच्या पटीत. आमच्या आजी पण "दोन विसा आणि तीन" असंच मोजायच्या, हे मी गाईडला सांगितलं तर तो जाम खूश झाला.

नरबळी खरंच द्यायचे का?

हो. विशेषतः लढाईत पकडलेले मोठे लोक. राजा-राणी स्वतःचं रक्तही काढून वाहायचे. कोरीवकामात हात बांधलेले कैदी दिसतात, लपवायचं काही कारण नाही.

तो टेकडीचा किस्सा काय आहे?

मध्याने सगळ्यांना सांगून ठेवलाय तर मीच नीट सांगतो. दुसऱ्या दिवशी दुपारी दमून एका टेकाडावर झाडाच्या सावलीत बसलो, पुण्याहून आणलेल्या दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी काढली, पाय पसरले. गाईड दहा मिनिटांनी आला आणि शांतपणे म्हणाला, तुम्ही कुणाच्या तरी घराच्या छपरावर जेवताय. ती टेकडी नव्हती. पडलेली इमारत, वर माती, मातीवर झाडं. मग इकडेतिकडे बघितलं तर सगळीच टेकाडं जरा जास्तच चौकोनी. मधल्या सोळा चौरस किलोमीटरमध्येच तीन हजारांवर बांधकामं नकाशावर आहेत आणि उकरलेली त्यातली थोडीच. विमानातून लेझर मारून उत्तर ग्वाटेमालाच्या 2,100 चौरस किलोमीटर जंगलाखालची जमीन बघितली, त्यात साठ हजारांहून जास्त बांधकामं निघाल्याचं 2018 मध्ये जाहीर झालं, घरं, तटबंद्या, उंच बांधलेले रस्ते. त्यानंतर ट्रिपभर कुणी कुठे बसायचं म्हटलं की आधी विचारायचं, ही टेकडी आहे ना नक्की?

तिथे आपल्या ओळखीचं काही दिसलं का?

चिकू! डहाणू-घोलवडचा म्हणून आपण ज्याला मिरवतो त्याचं मूळ घर हे. जंगलात चिकूची झाडं तीस-तीस मीटर उंच, खोडावर वर्षानुवर्षांचे तिरके वार, कारण त्याच्या चिकातून च्युइंगम करायचे. चीक गोळा करणारे लोक जंगलभर हिंडायचे, त्यामुळे कित्येक पडकी शहरं आधी त्यांनाच सापडली. देवळांच्या दरवाज्यावरची लाकडी पाटी, बांधकामवाले लिंटल म्हणतात ती, चिकूच्याच लाकडाची, आणि बाराशे वर्षांनी अजून काही जागेवर आहेत. सगळ्यात सुंदर कोरलेल्या मात्र एकोणिसाव्या शतकात उचलून स्वित्झर्लंडला बाझलच्या म्युझियममध्ये गेल्या, त्या बघायला आता तिकडे जा. मला ह्याचा राग येतो, असो.

शिवाय त्यांचं पवित्र झाड सेइबा, म्हणजे आपली पांढरी सावर. आणि मका दळायचा दगड हुबेहूब पाटा-वरवंटा.

व्हेज मिळतं का?

मिळतं, पण कंटाळा येतो. काळा घेवडा, मक्याच्या पोळ्या, अंडी, भात, तळलेली केळी, ग्वाकामोले, चिरमोल नावाची भाजलेल्या टोमॅटोची चटणी. रेलेनितोस जरूर खा, केळ्याच्या आत गोड घेवडा भरून तळतात, पुरणाचा चुलतभाऊ. "सिन कार्ने" म्हणजे मांस नको एवढंच म्हटलं तर चिकन येऊ शकतं, कारण कार्ने म्हटलं की त्यांना बीफ वाटतं, म्हणून "सिन पोयो" पण म्हणा, आणि घेवड्यात डुकराची चरबी असते कधी कधी ते विचारा, "मांतेका" हा शब्द पाठ करा. नळाचं पाणी नको.

डास, साप, जग्वार?

डास आहेत, डेंगी पण, पूर्ण बाह्या आणि चांगलं क्रीम लावा. गोचिडी जास्त त्रास देतात, पॅन्ट मोज्यात खोचा, दिसतं वाईट पण दिसू दे. साप आम्हाला दिसला नाही. जग्वार आहे, पण ताडोबात वाघ दिसतो तसा दिसेल अशी आशा नको. रस्त्यावर जग्वार, साप, पिसोते आणि टर्की ह्यांच्या पाट्या आहेत, आपल्याकडे "पुढे शाळा आहे" तशा. पिसोते म्हणजे लांब शेपटीचा, नाक खुपसणारा प्राणी, बाकरवडीचा अख्खा पुडा त्यांच्या टोळीने आमच्या डोळ्यांदेखत नेला. टर्कीच्या शेपटीवर मोराच्या पिसासारखे निळे डोळे असतात, जरूर बघा.

याशाला जावं का?

हो. टिकालपासून तीसेक किलोमीटर, तळ्याकाठचं शहर, गर्दी नाहीच. सूर्यास्त तिथे बघा, तो आम्हाला मिळाला. तळ्यात उतरू नका, मगरी आहेत.

खर्च?

चलन केत्साल, एका डॉलरला पावणेआठच्या आसपास. आम्ही गेलो तेव्हा परदेशी माणसाला तिकीट 150 केत्साल आणि पहाटेचे वर 100. रोख फ्लोरेसहूनच काढून न्या. गाईडवर पैसे वाचवू नका, तो नसता तर आम्ही दगड बघून आलो असतो.

पाच मित्र, सहा दिवस, भांडणं?

झाली. एसीवरून, पहाटेच्या अलार्मवरून, आणि आधीच पैसे भरलेली व्हॅन आलीच नाही तेव्हा बुकिंग कुणी केलं ह्यावरून. चौथ्या देवळावर मात्र तासभर पाचही जण गप्प होते, कॉलेजपासून पहिल्यांदाच.

फोटो कुठे आहेत?

सगळे मध्याच्या फोनमध्ये. रविवारी टाकतो म्हणालाय. कुठल्या रविवारी ते त्यालाच विचारा.